टाचांमागून मुंबई

माणूस मुंबई बघायला जातो, असं म्हणतात. साफ खोटं. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसं मुंबईला जायची ती परत येऊन पारावर सांगण्यासाठी. बघायचं काम त्यांच्या वतीनं मीच करायचो.

आजकाल त्याला गाइड म्हणतात. डोक्यावर टोपी घालतात, शिट्टी फुंकतात. निजामाच्या राजवटीत ह्या धंद्याला नावसुद्धा नव्हतं. लोक मला नुसतं ‘मुंबईवाला’ म्हणायचे. मुंबईत माझं ना घर ना दार. उमेदीच्या वयात तिथल्या एका कापसाच्या पेढीवर निरोप्या होतो. गल्लीबोळांतून हिंडून पायाची कातडी सोलवटली, तेवढंच भांडवल. गावी परतलो तर शेजारचा म्हणाला, ‘तुला समदं ठावं हाय तर आमाला घिऊन चल की!’ घेऊन गेलो. मग त्याचा मेहुणा आला, मेहुण्याचा सासरा आला, आणि मी जातच राहिलो.

आमचा मुलूख निजामाचा, त्याला मोगलाई म्हणत. मुंबई इंग्रजांची. म्हणजे तसं बघितलं तर आम्ही परमुलखातच निघायचो. येडशीला बार्शीची छोटी गाडी धरायची आणि कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचं. छोटी गाडी एवढ्या बेतानं चालायची की माणूस खाली उतरून, हुरडा खाऊन पुन्हा आपल्याच डब्यात चढायचा. सरहद्दीवर करोडगिरीचे शिपाई, म्हणजे जकातवाले, गाठोडी उपसायचे. एकदा तेरखेड्याच्या म्हातारीच्या गाठोड्यात त्यांना लाल भुकटी सापडली. तेरखेड्यात फटाके करतात हे त्यांना ठाऊक. ‘बुढिया, ये बारूद है क्या?’ म्हणून शिपायानं बोट बुडवून जिभेला लावलं. लसणाची चटणी होती ती. त्यानंतर त्यानं डब्यातल्या कुणाचंच गाठोडं उघडलं नाही, फक्त पाणी मागत फिरला.

आता धंद्यातली गोम सांगतो. मुंबई हे एक गाव नाही. कितीतरी गावं एकमेकांच्या उरावर बसलीत, एवढंच. पण आमच्या माणसाला रस्त्याचं नाव सांगून काडीचा उपयोग नसे. गावाकडं पत्ता म्हणजे ‘वेशीतून आत आलं की उगवतीला तिसरं घर, म्होरं लिंब’. मुंबईला वेस नाही, आणि उगवती-मावळती इमारतींनी झाकलेली. तेव्हा मी त्यांना नाकानं मुंबई शिकवायचो. ठसका लागला की मशीद बंदर, तिथं मिरच्यांचा बाजार. तूप आणि झेंडू एकदम आले की भुलेश्वर. अत्तराचा वास सुटला की भेंडीबाजार. मासळीचा आला की उमरग्याकडचे वाणी नाकाला उपरणं लावून ‘शिव शिव’ म्हणत पळत सुटायचे, त्यांना तिथून कुठं वळवायचं ते मी आधीच ठरवून ठेवायचो. तपकीर ओढणारं गिऱ्हाईक मात्र मी शक्यतो घेत नसे. त्याला मुंबई शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भोळी माणसं त्रास देत नसत. परंड्याकडचे एक आजोबा होते. पायधुणीच्या नाक्यावर उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला रामराम घालायला लागले. आमच्याकडं समोरून आलेल्या माणसाला रामराम न करणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मी म्हटलं, ‘आजोबा, इथं कुणी कुणाला रामराम करत नाही.’ तर म्हणाले, ‘मग काय समद्यांचं वैर हाय व्हय?’ तेवढ्यात ट्राम आली आणि ट्रामवाल्यानं पायानं घंटा वाजवली. आजोबांना वाटलं, चला, एकानं तरी रामराम परत केला. हात जोडून रुळावरच उभे! त्यांना उचलून बाजूला ठेवलं तेव्हा ट्रामवाल्याला आशीर्वाद देत होते.

पुढं मोगलाई गेली, एसटी आली, ज्याला त्याला मुंबईत कुणीतरी भाचा-पुतण्या मिळाला. धंदा बसला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अजून कुणी मुंबईला निघालं की माझे पाय वळवळतात. पण त्या सगळ्या फेऱ्यांत एक फेरी अशी आहे की तिच्यापायी मला अजून मधूनच हसू येतं आणि मधूनच राग येतो.

माझ्या धंद्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कोण, तर ज्याला रस्ता विचारायची लाज वाटते ते. कळंबकडचे एक देशमुख तसे होते. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आहेत आणि ती लवकर हातघाईवर येतात. आपण त्यांना रावसाहेब म्हणू, कारण ते स्वतःला तेच म्हणायचे. गावात त्यांना कधी रस्ता विचारावा लागला नव्हता. रस्ताच त्यांना विचारून वळायचा.

जर्मनची दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. रावसाहेब मुंबईला निघाले, बरोबर त्यांच्या मंडळी. बाईमाणसाला इतक्या लांब नेण्याचं कारण त्यांनी मला येडशीच्या फलाटावरच सांगितलं. ‘शेजारगावच्या पाटलानं त्याच्या मंडळीला मुंबईला नेलं व्हतं. आम्ही काय त्याच्यापरीस कमी हाव?’ झालं! म्हणजे बाईसाहेब निघाल्या त्या पाटलावर मात करण्यासाठी.

त्या घराण्याची एक रीत होती. बाईनं चारचौघांत चालताना पदर कपाळाखाली ओढायचा आणि नवऱ्याच्या मागं, त्याच्या टाचांवर नजर ठेवून चालायचं. मान वर करायची नाही. टाचा वळल्या की वळायचं, थांबल्या की थांबायचं. रावसाहेबांच्या पायात लाल कातड्याचा करकरीत जोडा असे. बाईसाहेबांना दिसलेली मुंबई म्हणजे तो जोडा. बोरीबंदरासमोर उभं करून मी म्हणायचो, ‘हे बघा, केवढी इमारत!’ रावसाहेब मान हलवायचे, आणि बाईसाहेब जोड्याकडं बघून मान हलवायच्या. राणीच्या बागेत वाघ डरकाळला तेव्हासुद्धा त्यांनी जोड्याकडंच बघितलं. जोडा मात्र चांगला हातभर मागं सरकला.

दुसरी रीत नावाची. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तेव्हा घरोघरी होतं. पण ह्या घराण्यात नवऱ्यानंही बायकोचं नाव तोंडातून काढायचं नाही. ते हलकेपणाचं. ‘अगं ए’ एवढ्यावर दोघांचा संसार चालला होता, आणि लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

एके दिवशी दुपारी पायधुणीच्या एका दुकानात रावसाहेबांना काळे बूट दिसले, साहेबलोक घालतात तसले चकचकीत. बघितले, घेतले, तिथंच पायांत घातले. लाल जोडा कागदात गुंडाळून माझ्या काखेत दिला. बाईसाहेब बाहेर पायरीपाशी मान खाली घालून उभ्या होत्या. आम्ही बाहेर पडलो आणि ट्रामच्या थांब्यावर गेलो. तिथं मी मागं वळून बघितलं, तर बाईसाहेब नाहीत.

तुम्ही म्हणाल, मागं बघायला एवढा उशीर का केलास? अहो, नव्या बुटांत रावसाहेबांचे पाय असे घसरत होते की त्यांना धरून चालवण्यातच माझा जीव गेला होता. धावत दुकानापाशी आलो. पायरी रिकामी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईसाहेबांसमोरून काळे बूट गेले, ते त्यांच्या मालकांचे नव्हेत. त्या उभ्याच राहिल्या. मग कुणाच्या तरी पायांतला लाल जोडा समोरून गेला आणि त्या रीतीप्रमाणे त्याच्या मागं चालू लागल्या. मुंबईत देशावरचे हमाल, भाजीवाले लाल जोडे घालून हजारांनी हिंडायचे.

रावसाहेबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. ‘आमच्या मंडळी आम्हाला सोडून दुसऱ्याच्या मागं जातील? शुद्धीवर हाईस का?’ कसंबसं त्यांना जवळच्या पोलीस चौकीत नेलं. हवालदारानं टाक उचलला.

‘बाईचं नाव?’

‘आमच्या घराण्यात बायकांची नावं चारचौघांत घेत न्हाईत.’

‘मग ह्या चारचौघांना बाहेर घालवू का?’

हवालदारानं नावाची जागा कोरी सोडली.

‘वय?’

‘आसंल की.’

‘उंची?’

‘हाय बेताची.’

‘अंगावर लुगडं कसलं होतं?’

‘भारी व्हतं.’

हवालदारानं टाक खाली ठेवला. ‘अहो, अशानं कशी सापडायची बाई? काहीतरी खूण सांगा!’

‘आमची घोडी आसती तर सांगितली आसती,’ रावसाहेब चिडून म्हणाले. ‘कपाळाला चांदणी, मागचा उजवा पाय पांढरा, डाव्या कानाला चिरा. बायकांच्या खुणा कोण बघत बसतंय?’

‘मग पुढच्या खेपेला घोडीच घेऊन या,’ हवालदार म्हणाला.

मला राहवेना. मी म्हटलं, ‘मोरपंखी लुगडं, तांबडे काठ. हनुवटीच्या डाव्या बाजूला गोंदण आहे.’

रावसाहेब गर्रकन वळले. ‘तू आमच्या मंडळीकडं बघत व्हतास?’

‘रावसाहेब, आणलेली माणसं ध्यानात ठेवणं हा माझा धंदा आहे.’

‘ध्यानात ठिवाया लुगडं कशाला बघाया लागतंय?’

धन्य! बायको हरवल्याचा राग नव्हता तेवढा तिचं लुगडं मी ओळखल्याचा. चौकीच्या बाहेर आल्यावर त्यांनी मला भिंतीकडं घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाले, ‘हे बघ मुंबईवाल्या. दिवेलागणीच्या आत सापडल्या तर ठीक. दिवे लागल्यावर परक्या गावात भटकत ऱ्हायलेली बाई आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई. आम्ही आपलं गावाला जाऊ.’

‘आणि गावात काय सांगाल?’

‘पटकी झाली म्हणू. मुंबईत हुतीया पटकी.’

पटकी म्हणजे कॉलरा. जिवंत, धडधाकट बाईला ह्या माणसानं उभ्या उभ्या पटकीनं मारून टाकलं होतं, आणि सुतक फिटायच्या आत दुसरी करून आणायलाही ह्यानं कमी केलं नसतं. त्या क्षणाला मला त्यांना त्या चकचकीत बुटांसकट ट्रामखाली ढकलावंसं वाटलं. तेव्हा बोललो नाही, पोट हातावर होतं. आज बोलतो.

ऊन उतरायला लागलं होतं. मी विचार केला, लाल जोडा दुपारच्या वेळेला कुठं जाणार? हमालाचा असेल तर मालाच्या बाजारात. रावसाहेबांना हाताला धरून मशीद बंदराकडं ओढत निघालो. वाटेत जो भेटेल त्याला मी विचारत होतो आणि रावसाहेब दर वेळी तोंड फिरवून उभे राहत होते, जणू हरवलेली बाई माझी होती. मिरच्यांच्या बाजारात वाटे लावून बसलेल्या एका बाईला विचारलं, ‘मावशी, मोरपंखी लुगड्याची बाई गेली का इकडून?’

‘ती व्हय? शिंकत शिंकत गेली की! मागनं एक हमाल तिला चौकीकडं घेऊन गेला. म्होरल्या चौकीत बघा.’

रावसाहेबांना चौकीबाहेरच्या बाकड्यावर टेकवून मी आत शिरलो. बाईसाहेब आत बसल्या होत्या. शेजारी सोबतीला आणलेली त्या हमालाची बायको, आणि बाईसाहेबांच्या हातात चहाची बशी. पदर खांद्यावर. मी त्यांचं तोंड इतकं स्वच्छ पहिल्यांदाच बघितलं. खिडकीतून बाहेरचा रस्ता बघत होत्या.

‘ही तुमची का?’ जमादारानं विचारलं. ‘बरं झालं आलात. नवऱ्याचं नाव विचारलं की तोंड फिरवते. स्वतःचं विचारलं तर म्हणते, हाक मारत नाहीत मला. गाव कुठलं, तर निजामाचं! आता निजामाला तार करू का?’

बाईसाहेब माझ्याकडं वळल्या. ‘भाऊ, लई मोठं गाव हाय की वो हे!’

‘घाबरलात का बाईसाहेब?’

‘आधी घाबरले. जोड्यामागनं चालले व्हते, मिरचीचा ठसका बसला, शिंकले, पदर पडला. वर बघितलं तर मिशी दुसऱ्याचीच! त्यो बी घाबरला बिचारा. मग म्हटलं, आता पदर पडलाच हाय तर बघून घ्यावं. घरावर घरं, त्याच्यावर घरं, आन् समद्यात वरच्या घरात एक बाई केस वाळवीत बसलेली. तिला कुणी काई म्हनत नव्हतं.’

एवढं बोलताना त्या हसत होत्या. मला मात्र बाहेरच्या पटकीची आठवण झाली. रावसाहेबांना आत बोलावलं. ते आले ते छातीवर हात बांधून, चौकी त्यांचीच असल्यासारखे.

‘बाई, हेच का तुमचे मालक?’ जमादारानं विचारलं.

बाईसाहेबांनी सवयीनं खाली बघितलं. काळे बूट! ‘जोडा तर ह्यांचा न्हाई.’

‘अहो, तोंड बघा की!’

‘तोंड उजेडात कवा बघितलंय?’

हमालाची बायको फिसकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. बाईसाहेब शांतपणानं म्हणाल्या, ‘टाच दावा म्हनावं.’

काय करता? जमादारानं फर्मान सोडलं. बूट घट्ट, ते निघेनात. शेवटी रावसाहेब बाकावर बसले, मी एक पाय धरून ओढला, आणि सगळ्या चौकीसमोर कळंबकडच्या देशमुखांनी आपली टाच उघडी केली. उजव्या टाचेला उभी भेग होती. बाईसाहेबांनी वाकून बघितली.

‘हेच,’ म्हणाल्या.

जमादार उठला. त्याच्या रिवाजाप्रमाणं त्यानं विचारलं, ‘जायचं ना बाई ह्यांच्याबरोबर?’

साधा प्रश्न. पण त्या बाईला तो जन्मात कुणी विचारला नसावा. लग्नात नाही, येडशीच्या फलाटावर नाही. त्या एकदा जमादाराकडं बघायला लागल्या, एकदा रावसाहेबांकडं. रावसाहेबांच्या कपाळावर घाम आला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

‘जाते,’ त्या म्हणाल्या. ‘पर समुद्र बघून.’

‘काय खूळ हाय हे!’ रावसाहेब उसळले. ‘दिवे लागाया आले. चल गुमान.’

‘ह्या गावाला समुद्र हाय म्हनं. समदे बघून येत्यात. मी आपली टाच बघून माघारी जाऊ व्हय?’

रावसाहेबांनी जमादाराकडं बघितलं. जमादार म्हणाला, ‘बाई राजी नसेल तर मी ताब्यात देत नाही. बघा तुमचं तुम्ही.’

तर असे आम्ही तिघं चौपाटीवर गेलो. ट्राममध्ये बाईसाहेब खिडकीशी बसल्या आणि हे काय, ते काय, असं सारखं विचारत राहिल्या. मी सांगत राहिलो. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत बघण्यासाठी मुंबई बघणारं हे एकच गिऱ्हाईक मला मिळालं, तेही अर्ध्या संध्याकाळपुरतं. पुढं रावसाहेब पारावर बसून सांगायचे, ‘आम्ही मंडळींना मुद्दाम समुद्र दाखवला.’ मी शेजारी बसून सुपारी चावायचो.

वाळूत पाय टाकताच बाईसाहेबांनी वहाणा काढल्या आणि सरळ पाण्याकडं गेल्या. लाट आली तेव्हा एकदा दचकल्या, मागं सरल्या, मग पुढं झाल्या. गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लुगडं भिजलं. सूर्य पार बुडाला तरी तशाच उभ्या. आजूबाजूला गिरगावातल्या बायका पोराबाळांना घेऊन पाण्यात पाय बुडवत होत्या.

मागं रस्त्यावर दिवे लागले, एका रांगेत, सगळे एकदम. रावसाहेबांनी दिव्यांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

‘चला म्हनावं त्यान्ला,’ ते म्हणाले.

‘मी परका पुरुष, रावसाहेब. तुमच्या मंडळींना मी कशी हाक मारणार?’

रावसाहेब खाकरले. ‘अगं ए!’

पाण्यातल्या चार-पाच बायकांनी एकदम मागं बघितलं. एकट्या बाईसाहेबांनी बघितलं नाही. एक ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काय हो, कोणाला अगं-तुगं करताय?’

रावसाहेब दोन पावलं मागं आले. बुटांत वाळू गेली होती, चालताना तोंड वाकडं होत होतं. पुन्हा एकदा ‘अगं ए’ केलं, अगदी हळू, आणि त्या ठसठशीत बाईकडं बघत. काही उपयोग नाही. मग त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कळंबकडचं कुणी नाही ना याची खात्री केली. ओठ दोनदा हालले, पण शब्द आला नाही. तिसऱ्यांदा आला.

‘सुभद्रा!’

आवाज असा फुटका निघाला की मलाच कसंतरी झालं. पाण्यातली बाई जागच्या जागी ताठ झाली. तिनं ऐकलं होतं, त्यात मला तरी काही शंका नाही. बऱ्याच वेळानं तिनं नुसती मान वळवली. तोंडावर ओलं हसू होतं.

‘लाटांचा आवाज लई हाय वो,’ ती म्हणाली. ‘ऐकू न्हाई आलं.’

रावसाहेबांनी दोन्ही हातांचा द्रोण करून तोंडाशी धरला आणि पुन्हा हाक मारली.